शाल द्यायची राहिली

रविवार, हॉलवरून आल्या आल्या

शाल अजून माझ्याच पिशवीत आहे! आज आमच्या बालमेंदूविकार संस्थेत डॉक्टरबाईंचा सत्कार होता. मुलाला फिट आली की घरच्यांनी काय करायचं, यावरच त्यांचं आयुष्यभराचं संशोधन.

शालीचं ताट माझ्या हातात. बाईंनी मान झुकवली आणि स्टेजसमोर पाली गावच्या मंगलची मुलगी खुर्चीवरून घसरली. हातपाय झटके देतायत. आणि मी? इतकी वर्षं संस्थेत असून ओरडले, "चप्पल हुंगवा कुणीतरी!"

कुणी ढुंकूनही बघितलं नाही. एका आईने खुर्च्या सरकवल्या, दुसरीने झटके किती वेळ चालतात ते घड्याळात मोजायला घेतलं, मंगलने लेकीला कुशीवर वळवलं. रडारड नाही, गर्दी नाही. मंगल मला म्हणाली, "चप्पल नको ताई. बरी हाय ती, थांबेल आता."

बाई स्टेजच्या पायरीपर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. का थांबल्या? करायचं काही उरलंच नव्हतं.

झटके थांबले, पोरीने डोळे उघडले. मंगलने खालूनच विचारलं, "बरोबर केलं ना, मॅडम?"

बाईंनी मंगललाच हात जोडले.

मग टाळ्या अशा वाजल्या की शाल द्यायची राहिलीय, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. बाईंच्याही नाही.