बाहेरून कोयंडा नसलेले दार

परमेश्वराला स्मरून, आणि घरातले सगळे बाहेर गेल्याची खात्री करून, मी हे लिहायला बसले आहे. वय बहात्तर, शिक्षण मॅट्रिक, काम घर. गुडघे कुरकुरतात, पण बुद्धी शाबूत आहे. वाण्याच्या बिलाची बेरीज कालच मी दुरुस्त करून दिली. मला कोणी भरीस घातलेले नाही, धमकावलेले नाही. गोड बोलून बघितले गेले, ते पुढे येईलच. मी यापूर्वी काही लिहून ठेवले होते असे म्हणत कोणी कागद पुढे केला, तर तो खोटा समजावा.

१. राहते घर माझ्या नावावर आहे. यजमान हिशेबनीस होते. त्यांनी घर माझ्या नावे घेतले, कारण स्वतःच्या धाकट्या भावाचा भरवसा त्यांनाही नव्हता. माझ्या पश्चात हे घर माझ्या एकुलत्या एका मुलाचे. त्याला अट नाही. मी आई आहे, सावकार नव्हे. मात्र एक सूचना आहे. मुलगा बांधकामाचा ठेकेदार आहे. त्याने शाळेची भिंत बांधली त्या वर्षी आमच्या न्हाणीघराला शाळेच्याच रंगाच्या फरश्या लागल्या. योगायोग असेल. मी देवाला विचारले, तो काही बोलला नाही. आता मुलाकडे कॉलेजच्या जुन्या इमारतीचे काम आले आहे. कसे आले ते विचारू नये. कॉलेजच्या मंडळाचे चिटणीस त्याचे सख्खे काका, म्हणजे माझे धाकटे दीर, आहेत. त्या कामातली एकही फरशी किंवा रंगाचा डबा या घराचा उंबरा ओलांडणार नाही.

२. सोन्याच्या चार बांगड्या, शिवणयंत्र आणि किल्ल्यांचा जुडगा सुनेला. साखरेच्या डब्याला मी कुलूप लावत असे, ते तिने इतकी वर्षे स्वतःवर घेतले. ते तिच्या सासऱ्यांसाठी होते. त्यांना साखर वर्ज्य होती आणि ते रात्री उठून बकाणे भरत. कुलूप कशासाठी लावतात हे मला चांगले समजते, एवढ्यासाठी हे लिहिले. पुढच्या कलमात त्याचा उपयोग आहे.

३. बँकेतील ठेव. ही मी घरखर्चातून मागे टाकलेली आहे. किती, ते बँकेला ठाऊक आहे; बाकीच्यांनी अंदाज बांधत बसू नये. दिरांना कुठून तरी वास लागला. मिठाईचा पुडा घेऊन आले, जे ते कधी करत नाहीत.

"वहिनी, इमारत नव्या निकषांप्रमाणे करायचीय. गळकी छपरं जाणार, उघड्या वायरी जाणार. लिफ्ट येणार, आगीसाठी वेगळा जिना येणार. तुम्ही हातभार लावलात तर एका वर्गाला दादांचं नाव देऊ."

"दादा होते तेव्हा त्यांचं नाव कधी नीट घेतलंत का, भावजी?"

ते हसले. ते हसले की माझा हात आपोआप कमरेच्या किल्ल्यांकडे जातो.

मी मुलाला नकाशा घरी आणायला लावला. दुसऱ्या मजल्यावर एका चौकोनात 'मुलींची सुविधा' असे लिहिले होते.

"सुविधा म्हणजे?"

"अगं आई, तेच ते."

"तेच ते म्हणजे संडास ना? मग तसं लिहायला लाज कसली? उद्या त्यात कपाटं ठेवाल आणि म्हणाल, हीपण सुविधाच."

"काहीतरीच काय! हे बघ, दार पक्कं, आतून कडी, बाहेरून कडी-कोयंडा."

"बाहेरून कोयंडा कशाला?"

"कुलपाला. स्वच्छ राहावं म्हणून. चावी ऑफिसात राहील, हवी त्या मुलीने मागून न्यायची. काकांनी सांगितलंय तसं."

इथे मला पाणी प्यावे लागले.

मॅट्रिकनंतर मी त्याच इमारतीत कॉलेजला गेले होते, एकच सत्र. तेव्हा मुलींसाठी तळमजल्यावर एक संडास होता. त्याला कुलूप असे आणि चावी कारकुनाकडे. ती हरवू नये म्हणून हातभर लाकडी पट्टीला बांधलेली. मागायला गेले की कारकून मान वर न करता सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारी, "आत्ता? तास संपेपर्यंत दम नाही का?" पट्टी घेऊन वऱ्हांड्यातून निघाले की मुले बाके बडवत. मग मी सकाळपासून पाणी पिणे सोडले. पुढे ताप येऊ लागला, लघवीला आग होऊ लागली. वैद्यांनी औषध दिले, वडिलांनी कॉलेज सोडवले. कारण कोणी विचारले नाही, आणि वडिलांपाशी ते बोलायची सोय नव्हती. दीर आजही पाहुण्यांपुढे म्हणतात, "वहिनींना कॉलेज झेपलं नाही." भावजी, मला कॉलेज झेपत होते. पट्टी झेपली नाही. सर्वांनी ऐकावे म्हणून हे कलम मोठ्याने वाचावे.

हे जुने झाले म्हणून मी सोडून दिले असते. पण माझी नात आता त्याच इमारतीत दुसऱ्या वर्षाला आहे. तिची पाण्याची बाटली मी रोज घासते. सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी भरलेलीच परत येते. विचारले तर म्हणे, "आजी, मला तहानच नाही लागत." मी भरलेली बाटली तिच्यापुढे ठेवली. मग हळूच म्हणाली, "चावी मागावी लागते गं."

म्हणून ही ठेव कॉलेजला, फक्त दुसऱ्या मजल्यावरील मुलींच्या संडासासाठी. नळाला पाणी, आत दिवा, उंचावर खिडकी. आतून कडी हवी. बाहेरून कोयंडा, खिट्टी, आकडा, कुलूप अडकेल असे काहीही नको. दारावर किंवा भिंतीवर कोणाच्याही नावाची पाटी नको, माझ्या यजमानांची तर मुळीच नको. तपासणीला समिती येणार त्या दिवशी साबण ठेवून दुसऱ्या दिवशी उचलायचा, हा प्रकार मला माहीत आहे. तेव्हा समितीचा शेरा पुरावा म्हणून चालणार नाही. पुरावा बाटलीचा. नातीची बाटली सबंध सत्रभर रिकामी घरी आली पाहिजे, आणि पाणी तिच्या पोटात गेलेले असले पाहिजे. कुंडीत ओतून आणलेले धरणार नाही. नात तोवर कॉलेजातून बाहेर पडली असेल, तर त्या मजल्यावरच्या कोणत्याही मुलीची बाटली चालेल. तोपर्यंत पैसे बँकेतून हलणार नाहीत. कोयंडा दिसला, तर सगळी ठेव सरकारी दवाखान्याच्या स्त्रियांच्या विभागाला जाईल. तिथे बायकांना कारण सांगावे लागणार नाही.

४. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सुनेने करावी. मुलाने नाही. तिच्याशी माझे फारसे पटले नाही हे गल्लीला माहीत आहे. पण नकाशा गुंडाळून मुलगा गेला, तेव्हा ती भांडी विसळता विसळता म्हणाली, "आई, यांच्या 'झालं' म्हणण्यावर जाऊ नका. मी स्वतः बघून आल्याशिवाय मानत नाही." तिचाही माझ्या मुलावर पुरता विश्वास नाही, हे मला त्या दिवशी कळले. फार बरे वाटले.

५. माझी जपमाळ आणि अभ्यासाचे टेबल नातीला. टेबलाचा एक पाय लहान आहे, खाली घडी घालावी. माझ्या मागे रडणे झाले की कॉलेजला जायचे, आणि जाताना पोटभर पाणी पिऊन जायचे.

वरील सर्व मी वाचून पाहिले, माझ्याच मनासारखे आहे, म्हणून साक्षीदारांसमोर सही करते.

सही: लिहून ठेवणारी
साक्षीदार: शेजारच्या डॉक्टरीणबाई (यांनी माझी प्रकृती तपासली)
साक्षीदार: कोपऱ्यावरचा वाणी (याने बेरीज मान्य केली)

जोड: सह्या चालू असताना मुलगा आला. म्हणाला, "आई, काकांशी भांडलो. कोयंडा रद्द केला. आता तरी खूश?"

मी विचारले, "दार आणलंस ते त्याला कोयंड्याची भोकं पाडून आणलंयस की बिनभोकाचं?"

सुनेने पायात चपला घातल्या आणि कॉलेजकडे निघाली. कलम तीन आहे तसेच राहील.

पुन्हा सही: लिहून ठेवणारी. वरील दोन्ही साक्षीदारांची पुन्हा सही.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर
तारीख: कॉलेजच्या इमारतीला परांची बांधली तो सोमवार