पूजेत बसलेल्या बॅटी

एकलहरे कॉलनी,
दसऱ्यानंतरचा सोमवार, १९८२

सौ. झुंबरताईस,

यादवचा नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा अर्धाच वाकलो असं समज). दाजींची मान कशी आहे? मागावरून उठल्यावर शेक घ्या म्हणावं. ऐकणार नाहीत, हे मला इथून दिसतं. इकडे तुझी भावजय लता बरी आहे. तुझी लेक मंगला बरी आहे, आमच्याकडे राहून बारावीचा अभ्यास करते. बरा नाही तो मी.

कारण मुलींचं टेबल टेनिस. मी वीज केंद्राच्या स्टोअरमधला साधा कारकून. कॉलेजात दोन वर्षं खेळलो होतो, हे क्लबच्या बैठकीत तोंडातून निसटलं आणि मुलींना शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तीन वर्षांपूर्वी अकरा मुली होत्या, आज मंगला धरून तीन आहेत. मुलगी यायची थांबली की मी घरी जाऊन तिच्या आईची समजूत घालायची, असा शिरस्ताच पडला. सावित्रीबाई म्हणाल्या, पोरगी उड्या मारते, बरं दिसत नाही. (टेबल टेनिसमध्ये उड्या कोण मारतं?) कुसाबाईंना मुलीच्या पायातले बूट खपत नाहीत. चिमणाबाईंची मुलगी सहाच्या आत घरात हवी आणि क्लब उघडतो साडेपाचला. प्रत्येक घरी चहा आणि पोहे. मुली टिकल्या नाहीत, माझं आम्लपित्त मात्र टिकून आहे. एकीच्या लग्नात तर मलाच अक्षता वाटायला लावल्या, म्हणजे माझीच खेळाडू गेली आणि टाळ्याही मीच वाजवल्या.

त्यात यंदाची खंडेनवमी. नाशिकच्या एका क्लबच्या तीन मुली आमच्याशी खेळायला येणार होत्या, सोबत जिल्ह्याची निवड करणारे एक गृहस्थ. दिवस ठरवताना मी सण पाहिला नाही. क्लब सांभाळणारा भिका फार भाविक. केंद्रात पान्हे-हातोडे पूजेला मांडतात, मग आपण मागे का, म्हणून त्याने सकाळीच सगळ्या बॅटी टेबलावर मांडल्या, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि वरून नारळाचं पाणी शिंपडलं. जाळीला आंब्याचा टाळा बांधला. पाहुण्या दारात उभ्या आणि भिका हात जोडून टेबलापुढे. "सायेब, पूजेतलं हत्यार आज चालवायचं नाय. उद्या घ्या." मी ओरडलो, विनवलं. शेवटी टेबल तेवढं मोकळं झालं. बॅटी पाटावर बसल्या त्या बसल्याच. (मीही फार ताणलं नाही. खंडेनवमीला आईची विळी पूजेतून उचलली म्हणून खाल्लेला मार तुलाही आठवत असेल.)

आमच्या मुली भिंतीला टेकून उभ्या. मग नाशिकच्या एकीने मंगलाला आपली जादाची बॅट दिली. मंगलाने त्या उसन्या बॅटने आधी तिलाच हरवलं, मग उरलेल्या दोघींना, आणि बॅट ओढणीला पुसून परत केली. त्या गृहस्थांचा चहा हातातच गार झाला.

असो. मी थकलो, ताई. क्लबचा राजीनामा लिहून ठेवला आहे. तुझ्या पत्राप्रमाणे मंगलाला शनिवारच्या एसटीने पाठवतो, म्हणजे रविवारी मुलाकडचे बघायला येतील तेव्हा ती येवल्यात असेल. पोरीचं चांगलं व्हावं, एवढंच आपल्याला हवं. दाजींना नमस्कार.

तुझा,
यादव

ता. क. त्या गृहस्थांनी मंगलाचं नाव जिल्ह्याच्या निवडीत घातलं आहे. निवड नाशिकला, याच रविवारी. त्यातून तिघी राज्याच्या स्पर्धेला जातील. बघण्याचा कार्यक्रम तुळशीच्या लग्नानंतर ठेवला तर? मी आपलं विचारलं.

पुन्हा ता. क. येवल्याला जायचं आहे असं काल मंगलाला सांगितलं. ती काही बोलली नाही. तिने आपल्या बॅटीवरचं कुंकू ओल्या फडक्याने काढलं, दांडीवरचं नाव ब्लेडने खरवडलं आणि दुसऱ्या कुणा मुलीला द्या म्हणून बॅट माझ्यापुढे ठेवली. आधीच्या आठजणीही अशाच गेल्या, न भांडता. तुला सातवीत खो-खोच्या संघातून काढून घरी बसवलं, तेव्हा तूही बोलली नव्हतीस. मी शेजारी बसून भाकरी खात होतो, मीही बोललो नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं, ताई.

शेवटचं. मुलाकडच्यांना मी आज सकाळीच परस्पर पत्र टाकलं की मंगलाला कांजिण्या आल्या आहेत, रविवारी येऊ नये. (पत्ता तुझ्याच पत्रात होता.) कुणी विचारलं तर तेवढं सांभाळून घे, आणि रविवारी पहिल्या एसटीने तू इकडे ये. कांजिण्या झालेल्या लेकीकडे आई जाणारच, दाजीसुद्धा काही म्हणायचे नाहीत. तिचं खेळणं एकदा डोळ्यांनी बघ, मग काय ठरवायचं ते ठरव. दांडीवर तिचं नाव मी परत लिहिलं आहे, अक्षर जरा तिरकं आलं. राजीनामा म्हणशील, तर पान उलट. त्याच्याच पाठीवर हे पत्र लिहिलं आहे.