दिसतं तेच काढ

बाई, शाळा सुटून अर्धा तास झाला तरी मी वर्गातच बसून आहे. टेबलावर चित्रांचा गठ्ठा आहे आणि उद्या सकाळी तो परभणीला दवाखान्यात जायचा आहे. माझ्या वर्गातली एक मुलगी तीन आठवड्यांपासून तिथल्या मुलांच्या वॉर्डात आहे. तिला आणि आजूबाजूच्या खाटांवरच्या पोरांना जरा बरं वाटावं म्हणून आपल्या मुलांकडून चित्रं काढून घेऊ, असं आमच्या मुख्याध्यापकांनी सुचवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ते कारण मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हालाही नाही.

मुलांनी काय काढलं असेल ते तुम्ही न बघता सांगाल. दोन डोंगर, मधून वर येणारा सूर्य, खाली नदी, काठाला झोपडी आणि नारळाचं झाड. सेलूच्या या भागात वर्गाबाहेर येऊन चारी दिशांना पाहिलं तर कापूस आणि सोयाबीनचं रान सोडून काही दिसत नाही, पण गठ्ठ्यात इतके डोंगर निघाले की माझं मलाच हसू आलं. मी कुणालाही काही बोलले नाही. छान आहे, छान आहे म्हणत कागद गोळा केले. तुम्ही असता तर एकेकाला उठवून दारात उभं केलं असतं.

मला केलं होतं तसं. पेडगावची आपली शाळा, मी चौथीत. परभणीहून पॅसेंजरनं येता तुम्ही, खांद्याला शबनम पिशवी, तिच्यात तेलखडूंचा पत्र्याचा डबा. खडू सगळ्यांना पुरावेत म्हणून तुम्ही प्रत्येकाचे दोन तुकडे करून वाटता. माझा कागद हातात घेऊन विचारता, "हा डोंगर कुठं बघितलास? आणि नारळाचं झाड?" पोरं हसायला लागतात. "जा, दारात उभी राहा. जे दिसतं तेच काढ." मी नाक ओढत दारात उभी राहते. समोर हापसा आहे, त्याच्याखाली चिखल, चिखलात कुणाची तरी म्हैस बसलेली, आणि ती उठायची वाट बघत कळशी घेऊन ताटकळलेली एक बाई. मी तेवढंच काढलं. तो कागद तुम्ही सगळ्या वर्गात फिरवलात, आणि मला एक लाल खडू दिलात. अख्खा, न मोडलेला. तसा खडू वर्गात दुसऱ्या कुणाकडं नव्हता. त्या दिवसापासून तुमच्या तोंडून शाबास ऐकायला मी काहीही केलं असतं, आणि केलंच.

माझ्या शेजारी बसणारी ती तुम्हाला आठवत असेलच, कारण तुम्ही तिला कधी विसरू शकला नाहीत. त्या वर्षी दिवाळीच्या आधी तिचं तोंड सुजायला लागलं. आम्हा पोरांना काय कळतं, आम्ही तिला गुटगुटीत झालीस म्हणून चिडवायचो, आणि तीही गाल फुगवून दाखवायची. मग पाय सुजले, डोळे उघडेनात, आणि तिला परभणीला दवाखान्यात ठेवलं. मूत्रपिंडाचा आजार, मीठ बंद. तिच्याजवळ तिची आजी राहिली. दिवाळी झाली आणि दरवर्षीसारखा ऊसतोडीला जाणारी माणसं न्यायला ट्रक आला. कोयता जोडीचाच असतो, नवरा-बायको दोघं असतील तरच टोळीत घेतात, हे तुम्हालाही ठाऊक होतं. तिची आई जायला निघाली. पत्र्याची पेटी, चूल, कोंबड्यांची डाल, सरपणाची मोळी, सगळं वर चढलं, आणि शेवटच्या घडीला ती पळत आमच्या दारात आली. माझ्या आईचा हात धरला आणि नजर माझ्याकडं. "पोरीला कुणी सांगू नका. मी गावातच हाय म्हणा. शेळी व्यालीय, म्हणून येता येईना म्हणा. मी गेले म्हणून कळलं तर खायची न्हाई ती." मी मान हलवली. ट्रक लाल होता.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी तुम्ही म्हणालात, तिला चित्रं काढून देऊ, पोरीला बरं वाटेल. सगळ्यात चांगलं काढेल तिला मी दवाखान्यात घेऊन जाईन. आणि पुन्हा बजावलंत, डोंगर नकोत, तिला तिचं गाव दिसलं पाहिजे. मी खूप विचार केला, बाई. गावातला पार काढू का, तिची शेळी काढू का. पण शेळी इतर तिघी काढत होत्या. माझ्याकडं लाल खडू होता. मी ट्रक काढला. वर बसलेली माणसं काढली, कोंबड्यांची डाल काढली, आणि मागच्या फळीला धरून उभी तिची आई काढली, हिरव्या लुगड्यातली, गावाकडं तोंड केलेली. काढताना मला तिच्या आईचं बोलणं आठवत होतं. विसरले होते असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं, पण ते खोटं आहे. आठवत होतं, आणि चित्र चांगलं जमत होतं. तुम्ही ते बघून म्हणालात, "शाबास. अशी नजर पाहिजे."

वॉर्डात फिनेलचा वास. तिची खाट भिंतीकडेची, शेवटून दुसरी. मला ती आधी ओळखूच आली नाही. आजी औषधाच्या रांगेत गेलेली. तुम्ही घरून खळ करून डबीत आणली आहे, त्या खळीनं एकेक चित्र भिंतीला डकवता, आणि माझं बरोबर तिच्या डोळ्यांसमोर लावता. ती हसते. ही आपली शाळा, हा हापसा, असं बोटानं दाखवते. मग बोट ट्रकवर थांबतं. "बाई, हा टरक कवाचा?" तुम्ही साधेपणानं सांगता, "दिवाळीनंतरचा गं. तुझी आई गेली ना, तेव्हाचा." तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. ती माझ्याकडं बघते. मी तेव्हा म्हणू शकले असते, की ही तुझी आई नाही, दुसऱ्याच कुणाची आहे. दहा वर्षांची होते, पण एवढं सुचण्याइतकी मोठी होते. मी खाटेच्या लोखंडावरचा उडालेला रंग नखानं खरवडत राहिले. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "ते काढून माझ्या हातात द्या." तुम्हाला वाटलं, चित्र आवडलं. आजी परत आली, तिनं नातीच्या हातातला कागद पाहिला आणि तुम्हाला बाहेर नेऊन कपाळ बडवून घेतलं. "काय केलंत हो बाई, काय केलंत." परतीच्या पॅसेंजरमध्ये तुम्ही पेडगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होता. मला घरी सोडायला आला होता, तुम्हाला पुन्हा उलट परभणीला जायचं होतं.

नवव्या दिवशी ती गेली. मूत्रपिंडं निकामी झाली होती, ती वाचणारी नव्हतीच, असं डॉक्टरांनी तिच्या काकाला सांगितलं. पण आजी गावभर सांगत होती की त्या दिवसापासून पोरीनं अन्नाला तोंड लावलं नाही, आणि ते खरं होतं. तुम्ही तेलखडूंचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलंत. चित्रकलेच्या तासाला आम्ही पाढे म्हणायला लागलो. मला तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं.

मी शिक्षिका झाले तेव्हा पेढे घेऊन तुमच्याकडं आले होते. तुम्ही निवृत्त झाला होता, भिंतीला धरून चालत होता, तरी चहा स्वतःच केलात. कपबशी पुढं ठेवून तुम्ही एकदम विचारलंत, जणू कालचीच गोष्ट. "तिला सांगितलेलं नव्हतं, हे तुला माहीत होतं का गं?" मी म्हणाले, "नाही बाई." तुम्ही मान हलवलीत. "मीच विचारायला पाहिजे होतं आजीला. माझ्या हातानं मारलं मी त्या लेकराला." आणि मी बिस्कीट बुडवून खाल्लं.

त्या दिवशी माझ्या पर्समध्ये तो ट्रकचा कागद होता. तुम्हाला दाखवायलाच आणला होता. ती गेली तेव्हा, माती झाल्यावर दोन दिवसांनी, तिची आई उसाच्या फडावरून पोचली, आणि माझी आई मला त्यांच्या घरी घेऊन गेली. दवाखान्यातून आलेलं बोचकं सोडून तिनं चौघडी केलेला कागद काढला आणि माझ्या हातात ठेवला. "तुला सांगितलं व्हतं ना गं माय," म्हणाली. आवाजात राग नव्हता. मी तो कागद परसात जाऊन उघडला. ट्रकमध्ये, हिरव्या लुगड्याला लागून, पेन्सिलीनं एक बारकी मुलगी काढली होती. दोन वेण्या, मोठं गोल तोंड. आईचा हात तिच्या हातात नीट बसत नव्हता, म्हणून तो खोडून पुन्हा काढलेला. बाई, ती जेवली नसेल, पण त्या दिवसांत कधीतरी ती उठून बसली होती आणि आईजवळ जाऊन उभी राहिली होती. हे तुम्हाला कळायला हवं होतं. त्यानं तुमचं ओझं उतरलं असतं की वाढलं असतं, मला माहीत नाही, पण तो कागद बघायचा हक्क तुमचा होता. तो दाखवला असता तर तुम्ही विचारलं असतं, तिची आई काय म्हणाली. म्हणून पर्स उघडली नाही. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. मला माहीत होतं, बाई. तेव्हा दवाखान्यातही माहीत होतं.

गठ्ठ्यात एक चित्र डोंगराचं नाही. शेवटच्या रांगेतल्या एका मुलीनं वर्गाबाहेरच्या चपला काढल्यात. ओळीनं सगळ्यांच्या, आणि मधे एका जोडाची जागा मोकळी. मी तिला विचारलं, ही जागा का सोडलीस. ती म्हणाली, "तिची हाय. आमी तिथं कुणालाच ठेवू देत न्हाईत." त्या मोकळ्या जागेकडं बघून खाटेवरच्या मुलीला काय वाटेल, आपली वाट बघतायत असं, की आपण आता तिथं नाही असं, हे मी शाळा सुटल्यापासून ठरवते आहे. बाहेर शिपाई दारं लावायलाय. मी लिफाफा चिकटवला. चपलांचं चित्र त्यात नाही.