बॉयलरला कल्हई

१४ जून १९५९

धुराड्यातून आज कोळ्याचं जाळं निघालं, एक वाळलेली पाल निघाली, आणि तळाशी चार हळद लावलेले तांदूळ! इंजिनाच्या पोटात अक्षता कुणी टाकल्या असतील? तुकोजी म्हणतो, त्याच्या घरातल्या कुणा पोरीने कधीतरी त्याचं बाहुलीशी लग्न लावलं असेल. असेल बापडं. नवरदेव मात्र फार वाईट स्थितीत आहे.

तुकोजी माझा लहानपणचा सोबती, राजवाड्यामागच्या गल्लीत राहतो. त्याच्या आजोबांना कुणा गोऱ्या इंजिनिअरने हे भेट दिलं होतं. पुढे त्याच्या कोठीच्या दाराला टेकण म्हणून पडून राहिलं. लांबी दीड हात, पण खेळणं नव्हे — खरं वाफेवर चालणारं! तांब्याचा बॉयलर, पितळी सिलिंडर, खाली स्पिरिटचा दिवा. चाकं गंजून जागच्या जागी धरलेली. "घेऊन जा राव," म्हणाला, "दाराला मी वीट लावतो."

पोन्मलईच्या रेल्वे कारखान्यात माझा जन्म गेला. मोठमोठी इंजिनं उघडली नि मिटली. रिटायर होऊन घरी बसलो तेव्हापासून या हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. आता कळलं.

१७ जून

कल्याणराम दिल्लीला परत गेला. सुट्टीभर एकच धोशा — "अप्पा, अम्मा, दोघंही या आता कायमचे. घर बंद करा. इथे कोण आहे तुम्हाला?" मुलगा चांगला आहे. चांगल्या मुलाला नाही म्हणणं फार अवघड.

आणि आज स्टेशनवर गाडी हलता हलता माझ्या तोंडून निघून गेलं — "ते इंजिन एकदा चालू होऊ दे, की लगेच येतो!" चारचौघांत. शब्द दिला! कृष्णवेणी शेजारीच उभी होती. तिने पदर नीट केला.

मला जायचं नाही. हे इथे लिहितो, दुसरीकडे कुठे बोलणार नाही. या वयात लोकरी मोजे घालून परक्या गावात शेगडीजवळ बसायचं? पण कृष्णवेणीने नातीचा ध्यास घेतलाय. राजम तीन वर्षांची झाली, आजीला नुसती फोटोत ओळखते. राजमचा फोटो देवघरात नेऊन ठेवलाय हिने! माझ्या शिफ्टा सांभाळत, ताट झाकून ठेवत हिचं आयुष्य गेलं. एकदा तरी हिच्या मनासारखं होऊ दे. तेव्हा इंजिन लवकर उरकायचं. ठरलं.

२३ जून

चाकं रॉकेलात बुडवून ठेवली आहेत. कृष्णवेणी म्हणते रसमलासुद्धा रॉकेलचा वास येतो. चाखून पाहिलं. येतो खरा!

२ जुलै

मागची गोठ्याची खोली आता माझा कारखाना. गाय नसली तरी तिचा खुंटा आहे, त्याला मी पकड टांगतो.

कृष्णवेणी दुपारी काफीचा पितळी डवरा घेऊन येते, उंबऱ्यावर उभी राहते आणि विचारते, "झालें कीं?"

"अगो, आत्ता कुठे एक चाक हललं!"

"बरं," म्हणते आणि जाते. रोज हेच. रोज! बिचारी, किती घाई झाली आहे तिला. मी आळस करतोय असं तर वाटत नसेल ना?

१२ जुलै

दट्ट्या सुटला! आठवडाभर तेल पाजत होतो, गरम फडक्याने शेकत होतो, शिव्याही दिल्या. आज अंगठ्याने दाबला आणि सुळ्ळकन आत गेला. मी ओरडलो तशी कृष्णवेणी पीठभरल्या हातांनी धावत आली — काय झालं, बोट कापलं की काय! तिला म्हटलं, लाव हात. तिने बोटाने दट्ट्या मागेपुढे केला. पुन्हा केला.

"इतकुसं तें," म्हणाली, "अन् त्यासाठीं तुम्हीं जेवण विसरतां."

हसली मात्र. दट्ट्यावर गव्हाचं पीठ लागलं ते मी जरा वेळ तसंच राहू दिलं.

३ ऑगस्ट

आडी अठरा, नदीच्या नव्या पाण्याचा सण. वेण्णारला भरपूर पाणी. चिंचेचा भात, लिंबाचा भात, दहीभात घेऊन आम्ही काठावर गेलो. कृष्णवेणीने पाण्याची पूजा केली, गळ्यात पिवळा दोरा बांधला. घाटावरच्या प्रत्येक बाईशी बोलली. प्रत्येक! मी आणि तुकोजी झाडाखाली भाताचे डबे राखत बसलो.

येताना विचारते, "दिल्लींत यमुना आहे म्हणतात. तेथें आडी अठरा करतात कीं?"

"करायला आपण जाणारच की!" मी म्हटलं.

मग घर येईपर्यंत गळ्यातला पिवळा दोरा बोटाने फिरवत चालली. मनाने यमुनेवर पोचलीसुद्धा असणार. मीच मेला इथे वेण्णारच्या काठावर रेंगाळतोय.

१९ ऑगस्ट

बॉयलर चौकटीवरून उतरवला. मागची झाकणी काढून आत दिवा धरला — सगळं हिरवंगार, कळंकाने भरलेलं. पण पत्रा शाबूत आहे. जेवताना तिला सांगितलं, बॉयलर साफ झाला की मग जोडायचंच काय ते. "म्हणजे झालेंच म्हणा," म्हणाली. ताक वाढताना माझ्या पानात दोनदा मीठ वाढलं.

२२ ऑगस्ट

काय लिहू!

पापनाशमला मुंज होती. मी एकटाच गेलो, हिचं डोकं दुखत होतं म्हणे. संध्याकाळी परत आलो तो गोठ्यात टेबलावर वेताची टोपली. टोपलीत माझा बॉयलर — म्हणजे बॉयलर होता ते! नळकांडं एकीकडे, पुढची झाकणी एकीकडे, आतल्या नळ्या सुट्या. आणि सगळं कसं चकचकीत, चांदीसारखं पांढरं!

"हे काय?"

"कल्हई करविली," कृष्णवेणी म्हणाली.

"कशाला?"

"तांब्याचं भांडं. आंत पाणी तापणार. एवढा कळंक चढला होता. कल्हई नसलेलं भांडं मीं कधीं चुलीवर ठेवलें आहे कीं?"

भांडं म्हणे! अगो, बॉयलरचे सगळे जोड शिशाच्या टाक्याचे! कल्हईवाल्याने भट्टीत धरलं असेल, भाता मारला असेल, नवसागर टाकला असेल — आणि टाका गेला पाण्यासारखा वाहून. एवढ्या वर्षांत गंजाने जे केलं नाही ते या बाईने एका दुपारी केलं! मी फार ओरडलो. जे बोललो ते लिहीत नाही. ती खांबाला टेकून खाली बघत उभी राहिली.

दोघंही जेवलो नाही.

२३ ऑगस्ट

काफी आली. "झालें कीं?" आलं नाही.

२५ ऑगस्ट

तुकोजीला टोपली दाखवली. मला वाटलं हळहळेल. गाढव इतका हसला की तोंडातलं पान बाहेर पडलं. "राव, नशीब समजा, वहिनींनी त्यात सांबार केलं नाही!" मग मलाही हसू फुटलं. आवरेचना. आत गेलो आणि कृष्णवेणीला म्हटलं, "कल्हई मात्र झकास झाली हो!"

तर ती रडायलाच लागली! मी ओरडलो तेव्हा नाही, हसलो तेव्हा. पाठीवर हात ठेवून बसलो. किती भोळी आहे ही. सगळ्या जगाची काळजी, त्यात आता बॉयलरचीही.

आणि एक खरं सांगायचं तर — दिल्ली लांबली म्हणून मला आतून गुदगुल्या होतायत. तिचं मन तिकडे लागलेलं असताना! लाज वाटते. उद्यापासून कामाला लागतो.

८ सप्टेंबर

शिसं नको, यावेळी चांदीचा टाका. गल्लीच्या टोकाच्या आचाऱ्याकडून, म्हणजे दागिने घडवतो त्याच्याकडून, चांदी-पितळेचा टाका आणि टाकणखार आणला. भट्टी आमच्याच अंगणात मांडली. एका हातात चिमटा, एका हातात टाका, मग भाता कुणी ओढायचा?

"मीं ओढतें," कृष्णवेणी म्हणाली. पदर खोचून बसली. आणि काय ओढला! तांबं लालबुंद झालं, टाका चमकला आणि जोडाभोवती सरसर फिरला. तिच्या कपाळावर घाम, नाकावर काजळी. लग्नात होमाच्या धुरात अशीच दिसत होती. तसं म्हणालो तर म्हणते, "काम पाहा."

थंड झाल्यावर जोडावरून बोट फिरवून विचारलं, "आतां किती तापलें तरी सुटणार नाहीं कीं?"

"ब्रह्मदेव आला तरी नाही!"

"बरं."

३० सप्टेंबर

बॉयलर पाण्याने भरून हातपंपाने दाब दिला. काटा चढला, थांबला, हलला नाही. सगळे जोड फडक्याने पुसून पाहिले — फडकं कोरडं. थेंब नाही!

८ ऑक्टोबर

हत्यारं गायब! पाना, कानस, पेचकस, काही म्हणता काही नाही. शोधतो तो सगळी देवघरात, पाटावर, गंध-कुंकू लावून ओळीने बसलेली. सरस्वतीपूजेला हत्यारांना हात लावायचा नाही हे मलाही ठाऊक आहे. पण पूजा परवा! दोन दिवस आधीपासून?

"एकदां मांडलें कीं उचलूं नये," म्हणते. देवाधर्मात हिच्याशी वाद घालणारा मी कोण?

११ ऑक्टोबर, विजयादशमी

चाललं! चाललं!! चाललं!!!

विहिरीपासून तुळशीपर्यंत लोखंडी पट्ट्यांचे रूळ टाकले होते. कृष्णवेणीने धुराड्याला कुंकू लावलं. दिवा पेटवला. काटा चढेपर्यंत तुकोजी माझा खांदा धरून उभा, आणि मी देवाचं नाव घ्यायचं सोडून "बाळा, चल रे, चल रे" म्हणत होतो. झडप उघडली. आधी नुसतं फुसफुसलं, पाणी थुंकलं. मग छक्. मग छक् छक् — आणि निघालं आपल्या पायांनी! तुळशीपर्यंत गेलं, मी उलटं फिरवलं, परत आलं. तुकोजी हा साठी उलटलेला माणूस हिरवं फडकं दाखवत त्याच्यामागे पळत होता. शिट्टी वाजवली तर शेजारची नागलक्ष्मी भिंतीवरून डोकावली. जोडांतून थेंबही गळला नाही.

वळून पाहतो तो कृष्णवेणी डोळे पुसते आहे. "धूर गेला," म्हणाली. स्पिरिटला धूर कुठला? आनंदाने रडली असणार. आता राजमला मांडीवर घ्यायला मिळणार! मीही हसून साजरं केलं आणि दिवा विझवला.

१३ ऑक्टोबर

कल्याणरामला कळवलं — दिवाळी इथली करून निघतो. शब्द म्हणजे शब्द.

१९ ऑक्टोबर

ट्रंका बाहेर निघाल्या. तुळशीचं कुंडं नागलक्ष्मीकडे जायचं आहे. कृष्णवेणी सगळं करते, कसं शिस्तीत, पण स्वयंपाक करताना गुणगुणायची ती गुणगुणत नाही. विचारलं, "आनंदात आहेस ना?"

"तुम्हीं आहां तेथें मीं."

हे काय उत्तर झालं? पण बायका सरळ हो म्हणतात कधी? संध्याकाळी उगीचच विहिरीच्या काठावर बसून राहिलो. मला हे घर सोडवत नाही. या गोठ्यात, या गल्लीत, तुकोजीच्या पानाच्या पिचकाऱ्यांत माझा जीव अडकला आहे. पण तिच्यासमोर तोंड वाकडं करायचं नाही.

२४ ऑक्टोबर

गल्लीत "ईयम पूसलैयो!" अशी कल्हईची हाक आली. तोच कल्हईवाला. दिल्लीला न्यायची भांडी बाहेर काढून दिली आणि त्याच्या भट्टीशी बसून गमतीत दम भरला, "माझं इंजिन वितळवलंस तो तूच ना?"

"मी तेव्हाच अम्मांना सांगितलं होतं स्वामी," तो म्हणाला, "हा शिशाचा टाका आहे, आगीवर धरला तर सुटेल. असली टाका लावलेली भांडी त्या कधीच देत नाहीत, उलट मलाच बजावतात. त्या दिवशी म्हणाल्या — सुटूं दे."

घरात आलो. कृष्णवेणी ट्रंकेत लुगडी रचत होती. "अस्कीं भांडीं दिलींत कीं, सगळीं?" मान वर न करता विचारलं.

मी म्हटलं, "बॉयलर गळतोय. सगळा उतरवावा लागेल. किती दिवस लागतील सांगता येत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग एकेक लुगडं ट्रंकेतून बाहेर काढायला लागली.