दुसऱ्या कडव्यावर अडकते

साखरा, ता. ६ जानेवारी १९७७

घरधनी यांना रुक्माचा सविनय जयभीम. वि. वि. इकडे सर्व खुशाल. तुमची खुशाली कळवीत जावी.

लग्नानंतर पिंपरीला परत जाताना तुम्ही ठेवून गेलात तो रेकॉर्ड प्लेअर बिघडला आहे. भीमगीतांची तबकडी दुसऱ्या कडव्यावर अडकते आणि एकच शब्द घोकत बसते. आत्याबाई विचारतात, हे काहून असं रडून राहिलं. नणंदबाई जनका म्हणतात, वैनीवर गेलंय, बोललं तर तेवढंच बोलतं. सगळे हसले, मीही हसले. सुटी काढून एकदा बघून जावे.

लोभ आहेच, तो तिकडच्या गर्दीत पातळ होऊ देऊ नये.
रुक्मा

पिंपरी, ता. १५ जानेवारी

सौ. रुक्मास भिवाजीचा सप्रेम जयभीम. वि. वि. कार्ड मिळाले.

तबकडी मऊ फडक्याने पुसावी, तेलाचा हात लावू नये. पिन नवी घालावी, डबीत आहे. तरी अडकली तर दुसरी तबकडी लावून पाहावी. तीही अडकली तर खोट तबकडीत नाही, यंत्रात आहे. मग हिंगोलीला स्टेशनसमोर वसराम रेडिओवाला आहे, त्याला दाखवावे. कारखान्यात कामाचा जोर आहे, सुटी मागता येत नाही.

आईबाबांना जयभीम सांग. लोभ ठेव, राग आला तर यंत्रावर काढू नकोस.
भिवाजी

साखरा, ता. ४ फेब्रुवारी

सविनय जयभीम. वि. वि. सांगितले तसे सर्व केले. दुसरी तबकडीही अडकते. मामंजी प्लेअर गोधडीत गुंडाळून यष्टीने हिंगोलीला घेऊन गेले. वसरामच्या दुकानात प्लेअरने सगळं गाणं बराबर म्हटलं. घरी आणला की पुन्हा तेच. मामंजी म्हणतात, दुकानात शहाणं आन् घरात येडं. तुमचा हात लागल्याशिवाय हे नीट होईल असे मला वाटत नाही. जयंतीला यावे.

लोभ असावा, आणि लवकर असावा.
रुक्मा

पिंपरी, ता. १३ फेब्रुवारी

सप्रेम जयभीम. वि. वि. दुकानात चालते म्हणजे यंत्र ठीक आहे, आपली जमीन उताराची आहे. प्लेअरजवळ पाण्याची थाळी ठेवून पाहा. पाणी ज्या बाजूला कलेल तिथे खाली कागदाची घडी घाल. जयंतीला येणे जमेलसे दिसत नाही.

लोभात उतार नाही, एवढे लक्षात ठेव.
भिवाजी

साखरा, ता. २५ फेब्रुवारी

सविनय जयभीम. आज कार्ड नाही, चिकटवायचे आंतरदेशीय आहे. जनकाबाईंनी गुपचूप आणून दिले. तुमचे कार्ड आले की मामंजी अंगणात मोठ्याने वाचतात, माझे लिहून झाले की तेही वाचतात. त्यात मी यंत्राशिवाय काय लिहिणार होते?

घडी घातली. तबकडी शेवटपर्यंत वाजली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी चुलीपाशी जाऊन रडले. आता तुम्हाला बोलवायला काही निमित्तच उरले नाही. माणसांनी भरलेल्या घरात मला करमत नाही हो. दिवेलागण झाली की जीव नुसता खाली-वर होतो. मला तिकडे न्या. कोपऱ्यात राहीन.

तुमचीच
रुक्मा

पिंपरी, ता. ७ मार्च

रुक्मा, हेही चिकटवून पाठवतो आहे. जनकाच्या हाती पडावे म्हणून वर तिचे नाव घातले आहे.

तुझ्या पहिल्या कार्डातच मला कळले होते. पण आम्ही सहाजण एका खोलीत राहतो, पाळीपाळीने झोपतो. तू म्हणतेस तो कोपरासुद्धा माझा नाही. दुसरी खोली शोधून राहिलो. भाडं ठरतं, मग नाव-गाव विचारतात, आणि जयभीमवाला म्हटलं की खोली आधीच गेलेली निघते. ये म्हणायला छप्पर नाही, येऊ नको म्हणायला हात धजला नाही. म्हणून पिन आणि फडके लिहीत गेलो.

शोधणे सोडणार नाही. कधी मिळेल ते मात्र सांगता येत नाही. तोवर एक कर. खालची घडी काढून टाक. यंत्र अडकू दे, आणि तू कार्ड लिहीत राहा. मी उपाय कळवत जाईन.

भिवाजी