तुमच्या पावलाचं माप

नोव्हाय, अमेरिका

अहो,

नमस्कार. गुडघा कसा आहे? वन्संची ढास थांबली का? तात्यांच्या डोळ्याची पट्टी सुटली? फोनवर इकडे यायचं विचारलं की "बर्फात पडलो तर?" म्हणत येणं टाळता, म्हणून लिहितेय.

आपल्या अनीशने मला बूट आणि हातमोजे घेतले. बुटांच्या तळाला खोल खाचा, आत लोकर. जाड मोजे घालूनच माप बघितलं. बोटं हलायला जागा हवी. हातमोज्यांत अंगठा वेगळा आणि चारी बोटं एकाच घरात, त्यामुळे ऊब राहते.

पहिल्याच दिवशी आपल्या सवयीने बूट दाराबाहेर काढले. सकाळी बर्फाने गच्च! नात हसतेय, "आज्जी, शूज इनसाइड!" ते आणायला सपाता घालून गेले आणि घसरून मटकन बसले. लागलं नाही हो. अनीशला बोलू नका. बूट पायात असते तर पडले नसते.

बर्फ सुंदर दिसतो, पण दाखवायला शेजारी तुम्ही नाही.

जाड मोजा घालून कागदावर उभे राहा, वन्संकडून पावलाभोवती पेन्सिल फिरवून घ्या आणि लगेच धाडा. लिहायचा कंटाळा आला तर नुसतं पाऊलच पाठवा. मी 'येतो' असं समजेन.

तुमची,
मंदाकिनी