कामठ्याचा बैल, इमलीपुऱ्याचा पोळा

इमलीपुरा, गोंदिया
ऋषिपंचमी, सन १९५७

तीर्थस्वरूप दुधरामभाऊंच्या पायांशी धाकट्या रुख्माचा दंडवत. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खुशाल कोण कोण नाही ते पुढे येईलच. तुमचा गुडघा कसा आहे? रोवणीच्या चिखलात दिवसभर उभे राहू नका असं मी दर साली लिहिते आणि तुम्ही दर साली उभे राहता, म्हणून यंदा लिहीत नाही. वहिनींना नमस्कार. त्यांनी पाठवलेल्या वड्या फार चांगल्या होत्या असं यांनी सांगितलं (मला एकच मिळाली, म्हणून यांच्या शब्दावर विश्वास ठेवते).

तुमचं पत्र पोळ्याच्या आधीच पोचलं. बाबांनी कोरलेला लाकडी बैल कामठ्याला परत पाठव, नातू जागेश्वर आता पायाने चालायला लागला, घराण्याचा बैल घराण्यात राहायला हवा, असं तुम्ही लिहिलंत. वर असंही लिहिलंत की "तुले मूल ना बाळ, तुले बैल कायले पाहिजे." भाऊ, ही ओळ मी दोनदा वाचली आणि मग पत्र तांदळाच्या डब्याखाली ठेवून दिलं. उत्तर देणार आहे. पण थोरल्या भावाला फटकन उत्तर देऊ नये असं आईने शिकवलं आहे, म्हणून आधी बैलाची यंदाची हकीकत सांगते. त्यातच उत्तर कळलं तर बरंच.

आमच्या मोहल्ल्यात मागल्या साली एक मंडळ निघालं. त्याचं नाव नवजागृती मंडळ. नावाची पाटी आधी आली, मंडळ नंतर आलं आणि जागृती अजून यायची आहे. अध्यक्ष रूपलालजी. हे तेंदूपत्त्याचे ठेकेदार, माणूस वाईट नाही, पण गळ्यात हार पडला की त्यांना उतरवता येत नाही (हारही आणि मंचावरून तेही). मंडळाने पहिल्यांदा स्वच्छता सप्ताह केला, म्हणजे आमच्या गल्लीचा कचरा झाडून पलीकडच्या गल्लीत नेला. पलीकडच्या गल्लीतही मंडळ आहे, तेव्हा दुसऱ्या सप्ताहात तो सगळा परत आला. मग शारदोत्सव झाला. त्यात रूपलालजी अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलले आणि दोन्ही भाषा बोलणारे लोक सारखेच झोपले. आमच्या घरचे रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून मंडळात सतरंज्या अंथरायचं काम करतात. इंजिनात कोळसा टाकून टाकून यांच्या कानांनी निम्मं काम सोडलं आहे. कोणतं निम्मं ते हे स्वतः ठरवतात.

तर यंदा मंडळाने ठरवलं की तान्हा पोळा सार्वजनिक करायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांनी आपापले लाकडी बैल सजवून घरोघरी न्यायचे आणि बोजारा म्हणून खाऊ मागून आणायचा, एवढीच आपली जुनी रीत. पण मंडळ म्हणालं, मिलच्या बाजूच्या मैदानात मांडव घालू, तोरण बांधू, लाऊडस्पीकर लावू, भंडाऱ्याहून साहेब बोलावू, बक्षिसं देऊ. ऐकून मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? लग्नात बाबांनी तो बैल माझ्या मांडीवर ठेवला होता, तेव्हापासून तो आमच्या फळीवर उभा आहे. दर साली मी त्याला धुते, हळद-कुंकू लावते, पुरणाचा घास दाखवते आणि परत फळीवर ठेवते. तोरणाखाली तो एकदाही उभा राहिला नाही. कामठ्याला मी पोर असताना मुलींना तोरणाखाली जाऊ देत नव्हते आणि गोंदियाला माझ्यापाशी पोर नव्हतं. यंदा वाटलं, मैदान सगळ्यांचं, मंडळ सगळ्यांचं, आता तरी जाईल.

सभा रूपलालजींच्या ओसरीवर होती. आम्ही बाया दाराआड. मी आतूनच विचारलं की माझा बैल आणला तर कोणत्या रांगेत उभा करायचा? सगळे माझ्याकडे पाहू लागले, म्हणजे दाराकडे. रूपलालजी हसले आणि म्हणाले, "देखो भौजी, नियम तो नियम है. जेच्या घरी लेकरू, तेचा बैल. तुमच्या घरी दोरी कोन धरन?" दोन-चार जण हसले. फार नाही, पण पुरे झालं. भाऊ, मला वाईट वाटलं. तुमच्या पत्राने आधीच वाटलं होतं, त्यावर हे. त्याहून वाईट याचं वाटलं की आमच्या घरचे तिथेच सतरंजीच्या टोकावर बसले होते आणि त्यांनी खाली मान घालून सतरंजीचा दोरा ओढायला घेतला. घरी आल्यावर मी विचारलं, "काऊन बोलले नाही?" तर म्हणे, ऐकू आलं नाही. बरं, म्हटलं. त्या रात्रीपासून पोळ्यापर्यंत मी यांना नुसता भात आणि वरण वाढलं, भाजी नाही, लोणचं नाही, आणि मिठाचं विचारलं तर मलाही ऐकू आलं नाही.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मी बैल खाली काढला. शिंगांना हिंगूळ लावला, गळ्यात मण्यांची माळ घातली, लग्नातल्या शालूचा काठ फाडून झूल शिवली (शालू कसरीने खाल्लाच होता, ओरडू नका). आणि दोरी हातात धरून भर दुपारी गल्लीतून निघाले. पुढचं डावं चाक असं कुरकुरतं की सारी गल्ली दारात आली. एक म्हातारी म्हणाली, "बाई, तुले लाज नाही वाटून राहिली का?" मी म्हटलं, वाटून राहिली, पण बैलाला नाही वाटत, म्हणून त्याला पुढे केलं आहे. मुरमुरे विकणारी मुन्नीबाई, आमच्या शेजारची, छत्तीसगडकडची, ती टोपली डोक्यावर घेऊन माझ्या बाजूने चालू लागली. म्हणाली, "तैं चल दीदी, मैं हंव." तू चल, मी आहे, एवढंच म्हणाली, पण मैदान येईपर्यंत मला तेवढं पुरलं.

मैदानाच्या तोंडाशी रूपलालजी स्वतः बिल्ला लावून उभे. विचारलं, "लेकरू कुठं आहे, भौजी?" मी म्हटलं, "मीच हावो. कामठ्याच्या माह्या बापाचं लेकरू. हा बैल त्यानं माह्यासाठी कोरला, मी त्याले घेऊन आली." आता भर मैदानात बाईमाणसाला ढकलून तर देता येत नाही. त्यांनी मला रांगेच्या शेपटाला, नालीच्या काठावर, उभं केलं. मी उभी राहिले. मागून पहिली, असं मुन्नीबाईने सांगितलं.

आता रूपलालजींच्या बैलाचं ऐका. त्यांनी तो नातवाकरता नागपूरहून घडवून आणला होता. चांगल्या गोऱ्ह्याएवढा उंच, डोळे काचेचे, शिंगं हातहातभर, पायाखाली गाडीची चाकं. नातू त्याच्या पोटाखाली उभा राहिला तरी सापडत नव्हता. ठरलं असं होतं की आधी भाषणं, मग हा बैल तोरणाखालून जाईल, म्हणजे पोळा फोडायचा मान अध्यक्षांच्या घरी, मग बाकीच्यांनी रांगेने जायचं. आणि झडती म्हणायची नाही! पोळ्यात झडती नाही म्हणजे लग्नात अक्षता नाहीत. पण साहेब पडले मुंबईचे, समुद्राकडचे, त्यांच्यापुढे यमक जुळवून एकमेकांची उणीदुणी काढणं गावठी दिसेल म्हणे. साहेब बिचारे साधे होते. त्यांनी आल्या आल्या विचारलं की इकडे बैलांना चाकं का लावतात. त्याचं उत्तर देता देता रूपलालजींचं भाषण सुरू झालं.

ते संपेना. भादव्याचं ऊन, लेकरांच्या पायात वहाणा नाहीत, कोणी रडतंय, कोणाच्या बैलाचा रंग वितळून हाताला लागला आहे, आणि रूपलालजी पंचवार्षिक योजनेतून बाहेर येऊन परत आत गेले. मंचावर साहेबांची मान छातीवर. मी नालीच्या काठावर उभी, माझ्यापुढे भावाच्या बैलामागे उभी एक चिमुरडी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. रूपलालजी पाणी प्यायला थांबले. भाऊ, तुम्हाला माहीत आहे, अंगणातली माझी हाक तुम्हाला शेताच्या बांधावर ऐकू येत असे. मला लाऊडस्पीकर नको. मी झडती म्हटली:

आंब्याचा टहाळा, पळसाचा पाला,
अध्यक्षाचा बैल नागपूरहून आला.
बैलाले घुंगरू, बैलाले झूल,
भाषण सुरू हाये, थंडी झाली चूल.
लेकराचे पाय उन्हानं पोळले,
पावण्याचे डोळे खुर्चीत लागले.
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!

आता सांगा, आपल्याकडे "एक नमन" ऐकून गप्प बसणारं माणूस कधी जन्मलं आहे का? सगळं मैदान गरजलं, "हर हर महादेव!" मंचावरचे गरजले, लाऊडस्पीकरवाला गरजला, आणि स्वतः रूपलालजींच्या तोंडूनही सवयीने निघून गेलं. ते नेमके स्पीकरपाशी उभे होते, त्यामुळे त्यांचंच सगळ्यात मोठं ऐकू आलं. आणि महादेवाचं नाव झालं म्हणजे पोळा सुटला, हे आपल्याकडच्या लेकरांना कोणी शिकवावं लागत नाही. सारी रांग एकदम धावली. रूपलालजींच्या माणसांनी घाईघाईने आपला मोठा बैल पुढे लोटला, की मान तरी हातचा जाऊ नये. पण त्याची उंची कोणी मोजली नव्हती. तोरणाच्या बांबूत दोन्ही शिंगं अडकली, बैल ना पुढे ना मागे, आणि पोळ्याचं दार बंद. लेकरं बाजूला गोळा झाली. साहेब जागे होऊन टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं कार्यक्रमच असा आहे.

मी मागे उभी होते, दोरी हातात. तेवढ्यात कोणीतरी ती माझ्या हातातून घेतली. पाहते तर आमच्या घरचे. खांद्यावर सतरंजी तशीच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझा वीतभर बैल ओढत सरळ तोरणाशी गेले, खाली वाकले (कंबरदुखीचं काय झालं कोण जाणे), आणि बैलाला त्या नागपुरी बैलाच्या पोटाखालून पलीकडे नेलं. कुर्र, कुर्र, कुर्र. पोळा फुटला, भाऊ! बाबांच्या बैलाने फोडला. बायांनी असा गलका केला की मिलवरची कबुतरं उडाली. मंचावरून कोणीतरी ओरडलं, "किसका बैल है?" त्यावर हे, ज्यांनी लग्नापासून आजवर चारचौघांत माझं नाव घेतलं नाही, ज्यांना काही ऐकू येत नाही, ते इंजिनच्या शिटीसारखे ओरडले, "रुख्माचा!"

मी रडले. भर मैदानात, पदर न घेता.

पहिलं बक्षीस ठरल्याप्रमाणे नागपूरच्या बैलाला मिळालं, ते देताना तो अजून अडकलेलाच होता. मी मग रिवाजाप्रमाणे बोजारा मागायला घरोघरी गेले, मागे ती चिमुरडी आणि तिच्यासारख्या कितीतरी मुली. पहिल्यांदा गेले रूपलालजींच्याच दारात. ते आत होते. त्यांच्या घरच्या शामकलाबाई बाहेर आल्या, बैलाचे पाय धुतले, ओवाळलं, ओंजळभर करंज्या माझ्या पदरात टाकल्या आणि हळूच म्हणाल्या की झडती आणखी दोन कडव्यांची चालली असती. त्या दिवशी रात्री यांना मी वांग्याची भाजी, वडे, कढी, सगळं वाढलं. मीठ जास्त झालं होतं, पण यांना ते कळलं नाही.

बाकी सर्व ठीक. वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना मुका, गुडघ्याला तेल. चुकलंमाकलं असेल तर ते चुकलेलं नाही, मुद्दाम लिहिलेलं आहे.

आपली धाकटी,
रुख्मा

ता. क. मंडळाने तातडीची सभा घेऊन ठराव केला आहे की मी माफी मागावी, नाहीतर यांची सतरंजी काढून घेण्यात येईल. मी निरोप पाठवला की सतरंजी आमच्याच घरची आहे, ती आम्हीच काढून घेतली आहे. आता सभा उभ्याने होतात आणि लवकर संपतात. मोहल्ल्यात याबद्दल सगळे माझे आभार मानतात.

दुसरी ता. क. बोजारा मागताना पुढचं डावं चाक मोडलं. बाबांची पटाशी आणि रंधा तुमच्याकडेच आहेत आणि हातही बाबांचाच तुमच्याकडे आला आहे, हे मी कधी बोलले नाही पण खरं आहे. तर दिवाळीनंतर चाक घेऊन या, आणि येताना सागवानाचे तुकडे जितके निघतील तितके आणा. ह्या मुलींना स्वतःचे बैल नाहीत. आणि भाऊ आपले देत नाहीत.

तिसरी ता. क. तुमच्या पत्राचं उत्तर राहिलं. बैल देणार नाही. घराण्याचा आहे म्हणता, तर मी कोणत्या घराण्याची? जागेश्वरला मात्र पुढल्या पोळ्याला इकडे पाठवा. दोरी त्याच्या हातात देईन. कोणी विचारलं बैल कोणाचा, तर त्याने आत्याआजीचं नाव घ्यायचं, एवढं शिकवून पाठवा.

हे सगळं पत्र यांना वाचून दाखवलं. सगळं ऐकू आलं. म्हणतात, "पोराले दोरी दे, पण त्याच्या पुढच्या साली. येत्या पोळ्याले मीच धरीन."